तिचा जिना

“लिफ्टला हात लावायचा नाही,” मुलगी म्हणाली आणि तिने बापाच्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतली. “पिशवी माझ्याबरोबर लिफ्टने येईल. तुम्ही जिन्याने या.”

म्हातारा इमारतीच्या दारातच अडून उभा राहिला. जन्मभर तो याच लिफ्टवर लिफ्टमन होता. पुढे बटणं बसली आणि त्याचं काम गेलं. पण गच्चीवरची खोली मालकांनी त्याच्याकडेच राहू दिली, आणि लिफ्टमधलं त्याचं स्टूलही कोणी हलवलं नाही.

“आल्यापासून नुसता तुझाच कारभार चाललाय,” तो म्हणाला. “मीठ कमी केलंस, साखर बंद केलीस. भाजी धुतलेलं पाणी आता कुंड्यांना जातं. मी काही बोललो? खोलीतून निघताना दिवासुद्धा मालवतो हल्ली. पण जिना नाही.”

“डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? शरीराला चाल हवी.”

“मग चालतो की रोज.”

“चौकातल्या बाकापर्यंत. आणि पुढे बसून राहता. मला पेपरवाल्याने सगळं सांगितलंय.”

म्हाताऱ्याला हसू येत होतं, ते त्याने गिळलं. “जिना तुझ्या आईचा,” तो म्हणाला. “तिने माझ्या लिफ्टमध्ये कधी पाऊल ठेवलं नाही. मी तिच्या जिन्यावर का ठेवू?”

“आईला लिफ्टमध्ये गरगरायचं, बाबा.”

“असं ती म्हणायची. तुझ्या वेळेस दवाखान्यातल्या लिफ्टने वर गेली, तुला घेऊन खाली आली. तेव्हा नाही गरगरलं. त्या लिफ्टवरचा माणूस तिचा नवरा नव्हता ना.”

हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बायको होती तोवर तिलाही विचारलं नाही. उत्तर काय येईल याची धास्ती होती. खाकी कपडे घालून लोकांसाठी दार ओढणारा नवरा. त्याच्या मागे उभं राहून तिने काय म्हणायचं, ‘चौथा मजला’? लाज वाटत असणार. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी ते मनातून जात नव्हतं.

त्याला स्वतःला त्या कामाची लाज कधीच वाटली नाही. लिफ्ट चालवायचा पितळी दांडा तो रोज सकाळी घासून लखलखीत करी. दाराकडे तोंड करून स्टुलावर बसे. लोक मागे उभे राहत, त्यांना दिसे ती फक्त त्याची पाठ. पण त्यालाही मागे वळावं लागत नसे. तेलाच्या वासावरून, खोकण्यावरून, ओल्या छत्रीच्या ठिबकण्यावरून कोण चढलंय ते त्याला कळे. एकसारखी माणसं चढत, उतरत. एकही मजला न थांबता जात नसे. डोक्यावर दिवा दिवसभर जळत असे. त्याच्या बायकोची पावलं मात्र बाहेर, काळोख्या जिन्यावर.

मुलगी म्हणाली, “असेल वाटत लाज. म्हणून तुम्ही तब्येतीचं वाटोळं करून घ्यायचं?”

तो पुटपुटत जिन्याकडे वळला.

“मी प्रत्येक मजल्यावर थांबते,” मागून ती म्हणाली. “हाक मारली की ओ द्यायची.”

जिना लिफ्टच्या जाळीला वेढा घालून वर जात होता. पहिल्या मजल्याच्या वळणावर म्हाताऱ्याला धाप लागली. जाळी धरून तो उभा राहिला. खालून गुरगुरत लिफ्ट आली आणि समोरच थांबली. मुलगी त्याच्या स्टुलावर बसली होती, मांडीवर पिशवी. दिव्याचा उजेड सगळा तिच्या चेहऱ्यावर पडला होता. कानाजवळचे दोन पांढरे केस त्याला दिसले. कपाळावरची आठी दिसली. घरात दिवसभर समोर वावरायची, पण इतकं निरखून त्याने तिला कधी बघितलं नव्हतं.

तिने थेट त्याच्याकडे बघितलं. “बाबा, कुठे आहात?”

“अगं, ही काय चेष्टा? तुझ्या समोर उभा आहे.”

“समोर नुसता काळोख आहे. आतून काही दिसत नाही.”

लिफ्ट वर निघून गेली. म्हातारा तिथेच उभा राहिला. त्या स्टुलावर बसून त्याने उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. वळणावर कोण उभं असतं, हे त्याला तिथून कधी दिसलं नव्हतं. आणि वळणावरून सगळं दिसत होतं.

दुसऱ्या मजल्यावर त्याला बरीच धाप लागायला हवी होती, पण तो भराभर चढला आणि लिफ्ट हलायच्या आत वळणावर पोचला. तिसऱ्या मजल्यावरही तेच. तिने हाक मारली, त्याने ओ दिली. दिव्याखालचं तोंड दिसेनासं होईपर्यंत तो जागचा हलला नाही.

शेवटच्या, चौथ्या मजल्यावर मुलगी पिशवी घेऊन वाट बघत होती.

“लागला ना दम? प्रत्येक वळणावर थांबत होतात, आवाजावरून कळलं. सवयीने जाईल हळूहळू. आईचंही असंच व्हायचं.”

“काय व्हायचं?”

“अशीच थांबायची. मी पुढे पळत सुटायचे आणि ही आपली जाळी धरून उभी. लिफ्ट येऊन जाईपर्यंत पाऊल उचलायची नाही. मी ओरडायचे, चल ना गं. तर म्हणायची, थांब जरा, दम खाऊ दे.”

म्हाताऱ्याने कठड्यावरून खाली, जिन्याच्या काळोखात बघितलं.

“तिला दम लागत नव्हता गं,” तो म्हणाला.