नवा चेहरा

इस्पितळातून परतलेली शुभदा दारात दिसताच चार वर्षांची रेणू बाबांच्या पायांमागे लपली. "आई कुठेय?"

"अगं, हीच आई," गिरीश म्हणाला.

रेणूच्या जन्माआधी प्रयोगशाळेतल्या आगीत शुभदाचा चेहरा भाजला होता. यंदा डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले होते. मांडीची कातडी थोडी थोडी जोडत वर्षं काढायची, नाहीतर तिच्याच पेशींपासून वाढवलेला अख्खा चेहरा एकदाच बसवायचा. तिने दुसरा मार्ग निवडला. लग्नाच्या फोटोवरून घडवलेला तो चेहरा इतका हुबेहूब जमला, की पट्ट्या निघाल्यावर गिरीशला रडूच फुटलं.

रेणूला मात्र गाठाळलेल्या गालांची, अर्ध्या ओठाने हसणारी आईच माहीत होती.

"ये ना बाळा," शुभदा म्हणाली.

"आईसारखं बोलू नकोस!" रेणू किंचाळली.

त्या दिवशी तिने घासही घेतला नाही. शेवटी शुभदाने स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलं आणि इस्पितळातून रोज करायची तसा गिरीशच्या मोबाइलवर फोन लावला.

"आई!" रेणूचा आवाज एकदम खुलला. "कधी येणार तू?"

"आधी सांग, जेवलीस का?"

"इथे एक बाई आलीय. छान दिसते, पण तुझा गाऊन घालते." मग रेणूने हळूच विचारलं, "तू आलीस की ती जाईल ना?"

शुभदाचा हात आपल्या गुळगुळीत गालावर गेला.

"जाईल हं," ती म्हणाली, आणि रेणूचं जेवण संपेपर्यंत तिने फोन ठेवला नाही.