तांबड्या गोलांची तार

रंकाळ्याकाठच्या शाळेत कालिंदीबाईंचा नेमच होता: दर शनिवारी प्रत्येकीनं घरातला एखादा इंग्रजी कागद आणायचा, अगदी साबणाचासुद्धा. जोडाक्षरांभोवती तांबड्या पेन्सिलीनं गोल करायचे आणि शब्द एका दमात वाचायचा. ‘गिलास’ नव्हे, ‘ग्लास’. बरोबर आला की वर्गानं टाळ्या वाजवायच्या. आज अंजनानं सकाळीच आलेली तार आणली. तिचा भाऊ काश्मीरच्या लढाईवर होता. मागची तार त्याच्या रजेची होती. “वाच मोठ्यानं,” बाई सवयीनं म्हणाल्या. अंजनानं ‘रिग्रेट’ न अडखळता वाचला, मग ‘किल्ड’. मुलींना नुसते उच्चार येत होते, अर्थ नाही. बाईंनी थांबवायला हात वर करण्याआधीच टाळ्यांचा कडकडाट झाला. अंजनानं हसत तांबड्या गोलांची तार पुढं केली. “बाई, आईनं पुरण शिजायला घातलंय. दादा कवा येणार, ते ह्यातल्या कुठल्या शब्दात हाय?”