चौथी खेप

बालाघाटात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा देवेंद्र या एका कॉम्प्युटरपुढे पार टेकीला आला होता. शाळेत शिकवणाऱ्या गीताबाई मेश्रामांना दुपारी घटकाभर मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळायची हौस होती. पण गेम दहा मिनिटं चालला की पडदा काळा व्हायचा आणि सगळंच ठप्प.

देवेंद्रनं गोंदियाहून नवी रॅम आणून बसवली, पंखा साफ केला, हार्ड डिस्क पुसून सगळं नव्यानं भरलं. जवळच्या लालबर्रा गावची गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून आज तो चौथ्यांदा आला होता.

"काहून बंद पडते हे? सांगा तरी," गीताबाई म्हणाल्या. "नाही तं दुसरा मिस्तरी बलवा लागन मले."

"मलेच समजून नाई राह्यलं, मॅडम. आज नाही जमलं तं हे कामच सोडतो मी."

तो स्वतः खेळायला बसला. नवव्या मिनिटाला पडदा काळा झाला. त्यानं चिडून कीबोर्डवरून दोन्ही हात उचलले.

मॉनिटरच्या काळ्या काचेत त्याला आपलं प्रतिबिंब दिसलं. त्यातले हात मात्र अजून कीबोर्डवरच होते आणि बोटं भराभर चालली होती.

देवेंद्रला मॅडमना हाक मारायची होती. तोंड उघडेना. उचललेले हात खाली येईनात. पापणीसुद्धा लवेना.

काचेतला देवेंद्र थांबला. त्यानं वैतागून इकडं पाहिलं आणि आपल्या शेजारी उभ्या गीताबाईंना म्हणाला, "पुन्हा हँग झाला, मॅडम."

मग त्यानं रिस्टार्टच्या बटणाकडं बोट नेलं.