अंबाडीच्या पुढचा रस्ता

"अंबाडी नाक्यावर डावीकडं का सरळ?" अक्षयने तिसऱ्यांदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा संदेशने गोधडीतून नुसतं कण्हून दाखवलं.

पहाटेचे साडेपाच वाजले होते. वाशिंदच्या चाळीतल्या त्या खोलीबाहेर तीन सायकली भिंतीला टेकल्या होत्या आणि त्यांचे मालक आत अवघडून उभे होते. सगळे एकाच कंपनीतले, एकाच पाळीतले. आजचा बेत समुद्रकाठच्या अर्नाळ्याचा. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. अंबाडीपर्यंत सगळ्यांचीच ये-जा होती. त्याच्या पुढचा रस्ता माहीत असलेला माणूस मात्र एकच, आणि त्याला रात्रीपासून सणसणून ताप भरला होता.

"डावीकडं," चहा गाळता गाळता संदेशची बायको चंदा म्हणाली. "वज्रेश्वरीच्या जीपगाड्या उभ्या असतात ना, त्याच रस्त्याला."

तिघांनी वळून बघितलं. चंदावहिनीकडे आजवर त्यांनी चहा सोडून काही मागितलं नव्हतं.

"आणि मग?"

"वज्रेश्वरीला थांबू नका, देवळाशी गर्दी असते. पारोळपर्यंत चढ-उतार हायेत, तिथं दम राखायचा. शिरसाडला मोठा हायवे लागतो, सायकल हातात धरून ओलांडायचा. मग विरार. रूळ ओलांडलं की चढ संपले. आगाशीपासून रस्ता ताटासारखा सपाट. दोन्ही बाजूला केळी, भाजीचे वाफे. एक रहाटाची विहीर येते, तिथं उजवीकडं वळू नका. आमचे हे पयल्यांदा वळले नि खाडीच्या चिखलात जाऊन रुतले."

गोधडी जरा हलली. बाकीचे हसले.

"नि अकराच्या आत पोचा," चंदा म्हणाली. "मग समुद्राचा वारा सुटतो. छातीवरच येतो. सपाटीला चढ चढल्यागत होतं."

अक्षय दिनदर्शिकेच्या फाटक्या पानावर भराभर लिहून घेत होता. लिहिता लिहिता त्याने विचारलं, "वहिनी, तुमी कधी गेलेल्या?"

"मी? नाय."

एरवी संदेश घरात तोंड उघडायचा तो जेवायला. पण रविवारी संध्याकाळी सायकलवरून परत येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसला की त्याला वाचा फुटायची. वळणं, फाटे, कुठे कुत्री मागे लागली, कुठल्या बाईने केळ्यांची फणी दिली आणि पैसे घेतले नाहीत, सगळं. चंदा भाकऱ्या थापत "मग? पुढं?" करत राहायची. बायको आपलं कौतुक करते आहे, असं त्या बिचाऱ्याला वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी, दोन हजार तीनच्या दिवाळीत, संदेशने बोनसमधून घेतलेली ती सायकल. तिला एकवीस गिअर होते आणि कॅरिअर नव्हतं. बायकोला मागे बसवायची सोय तेवढी सोडून बनवणाऱ्याने तिला सगळं काही दिलं होतं. कंपनीच्या शेडमध्ये ठेवायला संदेशचा जीव होत नसे, म्हणून आठवडाभर ती घरातच, पलंग आणि कपाटाच्या मधे उभी असायची. तिच्याभोवतीचा केर काढायचं काम चंदाचं.

चंदाला त्या रस्त्याने जायचं होतं. समुद्र राहू दे, समुद्र काय एसटीनेही दिसतो. तिला विरारच्या पुढची ती सपाटी हवी होती, स्वतःच्या पायाने मारलेली. मुरबाडच्या बाजूला, तिच्या माहेरी, कुठेही निघालं तरी चढ होता नाहीतर उतार होता. चढ नाही, उतार नाही, पाय मारू तेवढंच पुढे, असा रस्ता तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. रात्री डोळे मिटले की तिला तो दिसायचा, आणि इतकं आत तुटायचं की ती कूस बदलून भिंतीकडे तोंड करायची. हे कोणाला सांगणार? सांगितलं असतं तर संदेश म्हणाला असता, बरं आहे ना तुझं?

कप रिकामे झाले. अक्षयने कागदाची घडी करून खिशात घातली आणि पलंगाशेजारच्या सायकलीकडे बघून डोळा मारला.

"एक सायकल रिकामीच हाय. वहिनी, तुमीच चला की. रस्ता तुमालाच ठाव."

पुन्हा हशा झाला. चंदा हसली नाही. हातात बशी घेऊन तशीच उभी राहिली, आणि तिचं तोंड बघून अक्षयचंही हसू आटलं.

"खरंच येऊ?" ती म्हणाली.

पलंगावरून संदेश बोलला, हसत, खोकत. "ही? अरे, हिचे पाय तरी पोचतील का पॅडलला?"

"सीट खाली होते," चंदा म्हणाली.

"तुला गो काय म्हाईत?"

चंदाने बशी ठेवली. ओले हात पदराला पुसले. ती नवऱ्याशी बोलत होती, पण बघत होती सायकलीकडे.

"रोज करते ना. तुमी कामावर गेलात की खाली करते, नि तुमच्या यायच्या टाइमाला परत होती तेवढी वर. हायवेच्या तोंडापर्यंत जाते. तिथं अंबाडीच्या वाटेवरच्या पडघ्याची पाटी हाय. ती वाचते नि मागं फिरते."