मोज्यांचा चेंडू

"टाच टेकवायची नाही," आई हळू आवाजात म्हणाली, आणि भिंगरी लगेच चवड्यांवर आली.

बाबांचे जुने मोजे एकात एक कोंबून आईने तो चेंडू शिवला होता. पडला तरी उशी पडल्यासारखा. हॉलमध्ये पाण्याच्या पाच बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. भिंगरी त्यांच्यामधून चेंडू नेत होती, एकदा पायाच्या आतल्या बाजूने, एकदा बाहेरच्या, आणि शेवटच्या बाटलीशी तळव्याखाली अलगद दाबून थांबवत होती. सहा वर्षांच्या मुलीला इतकं सफाईने जमेल असं आई फोनवर बघायची त्या धड्यांतही कुणी म्हटलं नव्हतं. एकही बाटली हलली नाही.

शनिवारी शाळेत छोट्यांच्या फुटबॉल संघाची निवड होती. आठच जणांना घेणार होते. निळी जर्सी घरी न्यायला मिळते की शाळेतच ठेवावी लागते, हे भिंगरीने दोन दिवसांत दहादा तरी विचारलं होतं. सरांनी वहीत लिहून पाठवलं होतं की प्रत्येकाला बारा पावलांवरून तीनदा चेंडू मारायला सांगतील. तेवढा एकच धडा आई रोज उद्यावर ढकलत होती.

"आपली लेक चेंडू मारत नाही, कुरवाळते," असं बाबा काल जेवताना म्हणाले होते. आई उखडली. आठवड्यातून एकदा बघायचं आणि शेरा मारून मोकळं व्हायचं, असं बरंच बोलली. भांडी आवरताना तिला कळत होतं की ते बरोबर बोलले.

बेल वाजली. दोघी जागच्या जागी थांबल्या. भिंगरीने चेंडू पाठीमागे लपवला.

या घरात राहायला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ असेच वर आले होते. रात्रपाळीची नोकरी, डोळे लाल. वर घोडे बांधलेत का, एवढंच त्यांनी विचारलं आणि उत्तराला न थांबता गेले. त्या दिवसापासून खुर्च्यांच्या पायांना फडकी बांधलेली होती. जिना उतरताना आई आधी कान देऊन ऐकायची. खालचं दार वाजलं तर ते पुन्हा लागेपर्यंत वरच थांबायची.

तिने ओढणी नीट केली, मनातल्या मनात माफीचं वाक्य जुळवलं आणि दार उघडलं. बाहेर एक अनोळखी बाई उभ्या होत्या, गळ्यात मापाची टेप. मी खालची, म्हणाल्या, शिवणकाम करते. आज सुतार येतोय, कपडे बेतायचं टेबल भिंतीत बसवायचंय, तासभर ड्रिल चालेल. त्रास होईल तुम्हाला, म्हणून आधीच सांगायला आले.

आईने त्या गृहस्थांबद्दल विचारलं. ते केव्हाच गेले, बाई म्हणाल्या. मला इथे येऊन चार महिने झाले. दिवसभर मशीन धडधडत असते, वरून कुणी भांडायला येईल म्हणून माझाच जीव मुठीत. एवढ्यात त्यांचं लक्ष आईच्या मागे गेलं.

"अगंबाई, तुमच्याकडे मूल आहे?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, दोघंच नोकरीवाले. वरून कधी टाचणी पडल्याचासुद्धा आवाज नाही हो. गुणाची दिसतेय."

आई हो म्हणाली. कशाला हो, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दार लावून ती तशीच उभी राहिली. चार महिने. मागच्याच महिन्यात सोफ्यावरून उडी मारली म्हणून तिने भिंगरीच्या दंडाला चिमटा काढला होता. रडण्याचा आवाज होऊ नये म्हणून तोंडावर हातही ठेवला होता.

तिने पलंगाखालचा खोका ओढला. आत खरा चेंडू होता, किमतीच्या चिठ्ठीसकट. तो तिने हॉलच्या एका टोकाला ठेवला. खाली ड्रिल सुरू झालं. फरशी तळपायांना जाणवेल इतकी थरथरू लागली.

"मार," आई म्हणाली. "बाथरूमच्या दारावर. जोरात."

भिंगरीने पाय लावला. चेंडू घरंगळत अर्ध्यावर आला आणि थांबला. आईने तो परत नेऊन ठेवला. अजून जोरात, म्हणाली. या वेळी चेंडू बाटल्यांपर्यंत पोचला. भिंगरी चवड्यांवरच उभी होती. आईने खाली बसून तिच्या टाचा दोन्ही हातांनी जमिनीवर टेकवल्या. हात काढले, तशा त्या पुन्हा उचलल्या गेल्या.

"अगं, मार ना. मी सांगतेय ना तुला." आवाज चढला, तो तिचा तिलाच ऐकू आला.

भिंगरीचा खालचा ओठ आत गेला. तिने डोळे घट्ट मिटले आणि पाय मागे नेऊन मारला. चेंडू दोन बाटल्या उडवत बाथरूमच्या दारावर असा आदळला की आतली बादली वाजली.

आईच्या तोंडातून शाबासकी बाहेर पडायच्या आत भिंगरी तिथून गेलेली होती. ती बाहेरच्या दारापाशी उभी होती. फ्रॉक खाली ओढून सारखा केलेला, दोन्ही हात अंगाला चिकटवलेले.

"कुणी येणार नाही गं, राणी," आई म्हणाली.

खालचं ड्रिल तेवढ्यात बंद पडलं. भिंगरी जिन्याची चाहूल घेत होती.

"तू आत जा," ती दारावरची नजर न काढता कुजबुजली. "मी त्यांना सांगते, आई घरात नव्हती."