हम्मसमधली रेघ

कर्वेनगरातलं ते पाच टेबलांचं तुर्की हॉटेल शरयूताईंनी मुद्दाम निवडलं होतं. साठीतली विधवा स्वतःसाठी स्थळ बघायला आली आहे, हे पाहायला तिथे ओळखीचं कुणी फिरकणार नव्हतं.

छोट्या छोट्या बशांतून पदार्थ येऊ लागले. एकाच बशीतून सगळ्यांनी खायचं, अशी तिथली रीत. हम्मस, म्हणजे वाटलेल्या काबुली चण्यांची मऊ चटणी, येताच समोर बसलेल्या विधुर खांबेट्यांनी चमच्याने मधोमध रेघ ओढली. "ही बाजू तुमची."

झालं, शरयूताईंनी मनात फुली मारली. एक तर सोवळं असणार, नाहीतर वाटणीची खोड. उरलेलं आयुष्य असल्या रेघेच्या अलीकडे बसून काढायचं नव्हतं त्यांना. वांग्याच्या भरतावरही रेघ पडली, तेव्हा त्या बोलल्याच, "माझ्या उष्ट्याची भीती वाटते का हो?"

"छे हो," खांबेटे गडबडले. "आमची ही चाळीस वर्षं मी पानावरून उठल्यावर जेवायला बसायची. तिला काय उरतं, ते मी कधी वळून पाहिलं नाही. ती गेल्यावर वहिनी म्हणाली, बरेचदा नुसता ताकभात." ते उगाच चमचा पुसत राहिले. "म्हणून आता आधी समोरच्याचा वाटा राखून ठेवतो."

शरयूताईंनी पावाचा तुकडा तोडला आणि सरळ त्यांच्या बाजूला बुडवला.

"अहो, तुमची बाजू तशीच आहे की."

"ती तुम्ही संपवा. आणि रविवारी माझ्याकडे जेवायला या. दोन्ही पानं एकदमच मांडीन."