उघडा तळहात

फुलवंताबाईनं लगाम पुढं केला, तशी रेवा घोडीनं मान वर फेकली. फुलवंताबाई ओरडली नाही, हललीही नाही. लगाम धरून तशीच उभी राहिली. बऱ्याच वेळानं घोडीनं मान खाली आणली. लगेच तिनं ओच्यातले चार भिजवलेले हरभरे घोडीला चारले.

ओट्यावर तिचा सासरा नवलसिंग मोडका हात गळ्यात बांधून बसला होता. प्रकाश्यापासून शहाद्यापर्यंत अडेल घोडं वळवावं तर त्यानंच. कलेक्टरसाहेबाचा घोडाही त्याच्याच चाबकाखाली शहाणा झालेला. रेवानं मात्र दोन महिन्यांपूर्वी लाथ घालून त्याचा हात मोडला. तेव्हापासून तिचं दाणापाणी सून बघत होती. आज घोडीनं लगाम घेतला नाही, तर उद्या तिच्या तोंडात काटेरी लगाम घालायचा, असं नवलसिंगानं घरात बजावून ठेवलं होतं.

लगाम पुढं गेला, मान वर गेली. फुलवंताबाई थांबली. असं सहा वेळा झालं. सातव्या खेपेला घोडीनं आपण होऊन तोंड उघडलं आणि लोखंड आत घेतलं. या वेळी तिला मूठभर हरभरे मिळाले.

नवलसिंग उठून जवळ आला. त्याची सावली अंगावर पडताच घोडीची कातडी थरथरली. जनावर असं थरथरलं की आपलं काम झालं, असं तो आजवर समजत आला होता. आज सुनेदेखत त्याला ते बघवेना. तो तिथंच थबकला.

सासऱ्याशी समोरासमोर बोलायची त्या घरात रीत नव्हती. फुलवंताबाईनं पदर पुढं ओढला, उरलेले हरभरे ओट्याच्या कडेला ठेवले आणि ती घोडीलाच म्हणाली, "रेवा, बाबाजीसले सांग, दाना तळहातवर धरा. तुन्हाकडे देखू नका, खाले देखा."

नवलसिंगानं हरभरे उचलले. धड असलेला हात पुढं करून तोही घोडीलाच म्हणाला, "आनि मंग?"

"मंग काई नही. उभं ऱ्हावानं."

"किती येळ?"

"ते तूच सांगशी ना, रेवा?"

नवलसिंग उभा राहिला. हाताला रग लागली. मान अवघडली. दोनदा त्याला वाटलं, पुढं होऊन लगामच धरावा. तो पुढं झाला नाही. अंगणात ऊन उतरलं, तरी तो आपल्या पायांकडंच बघत होता.

मग तळहाताला ओठ लागले. घोडीनं एकेक करून सगळे दाणे टिपले, आणि दाणे संपल्यावरही तोंड तिथंच ठेवलं. तिचा गरम श्वास तळहातावर येत राहिला.

नवलसिंगानं मान वर केली नाही.

"चाळीस वरीस घोडा शिकाडात मी," तो हळू म्हणाला. "त्यास्ना सास इतला ऊन ऱ्हास, हाई आज समजनं."